पाणी प्यालेले इंजिन

२४ जुलै २०२४, बुधवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. या वेळी आमच्या गाडीचे इंजिन पाण्यात बंद पडले.

गाडी आमची म्हणजे मुलाची. तो पुण्यात नोकरी करतो. त्याने नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी, पांढरी, पेट्रोलवर चालणारी लहान गाडी सावली या आमच्या गावी आणून आमच्या दारात उभी केली. कागदोपत्री ती अजून त्याचीच आहे. चालवते माझी पत्नी.

हे शेवटचे वाक्य मला बहुतेकांना दोनदा सांगावे लागते. ऐकणारा आधी माझ्याकडे पाहतो, मग तिच्याकडे, आणि मग गाडीकडे. ती परिचारिका होती. नोकरीची पहिली बरीच वर्षे एटापल्लीकडच्या जंगलातल्या उपकेंद्रांवर काढली, नंतरची आमच्या सावलीच्या आसपास. ती सगळी वर्षे तिने दुसऱ्याच्या वाहनाची वाट पाहण्यात घालवली. कधी जीप येत नसे, कधी जीप असे तर डिझेल नसे, कधी दोन्ही असत तर चालक गावाला गेलेला असे. सेवानिवृत्त झाल्यावर तिने एके दिवशी सकाळी सांगितले की ती गाडी शिकणार आहे. मी विरोध केला. वय, डोळे, रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक, अशी कारणे दिली. ती वाद घालत बसली नाही. रोज सकाळी भाकरी टाकून झाली की ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत जाऊन बसू लागली. परवाना आला तो दिवस मला तिच्या बोलण्यावरून नव्हे, तर तिने मागितलेल्या पेट्रोलच्या डब्यावरून कळला.

तेव्हापासून ती चालवते. बाजाराला जाते, मूल गावी बहिणीकडे जाते, पौर्णिमेला शेजारच्या तीन म्हाताऱ्यांना घेऊन विहारात जाते. त्या तिघी मागे बसून तिला रस्ता सांगतात आणि ती एकीचेही ऐकत नाही. गाडी चालवताना ती समोरच्या ट्रकशी हळू आवाजात बोलते. पूर्वी बाळंतिणीशी बोलत असे तसेच. जराशी बाजू दे बाबा, हां, अशीच, आता झालं. मी शेजारी बसतो आणि गप्प राहतो. मला गाडी येते. पण गेल्या वर्षापासून माझी नजर उतरली आणि स्टिअरिंग आपोआप तिच्याकडे गेले.

त्या दिवशी आम्ही गडचिरोलीहून परतत होतो. माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि तपासणी होती. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या होत्या. काळा चष्मा घालूनही मला सगळे जग पाण्याखाली ठेवल्यासारखे दिसत होते. पाऊस आठवडाभर लागून राहिलेला होता. वैनगंगेच्या पुलावरून येताना तिने पाणी पाहिले आणि गाडीचा वेग कमी केला. मला फक्त तांबडा पसारा दिसला.

पुलापासून काही अंतरावर झाड पडून ट्रक अडकले होते. रांग लांब होती. तिने खिडकीतून मान बाहेर काढून पाहिले, एका माणसाला विचारले आणि गाडी आतल्या रस्त्याला वळवली. लसीकरणाच्या दिवसांत त्या रस्त्याने ती सायकलीवर फिरली होती. रस्ता एका जुन्या तलावाच्या पाळीखालून, म्हणजे बांधाखालून, जातो. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, पाण्याने भरलेली शेते. रोपे लावण्याची रोवणी ऐन भरात होती.

तलाव भरून सांडवा वाहत होता आणि ते पाणी रस्त्यावरून पलीकडच्या शेतांत उतरत होते. तिने काठाला गाडी थांबवली.

"किती असन?" तिने विचारले.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. पाणी किती आहे, हे सांगण्याचाच मला पगार मिळत असे. खांबावरच्या खुणा वाचायच्या आणि नोंद करायची. पण जिथे खांब नसतो तिथे आमच्याकडे सगळे एकच करतात. पाण्यातून चालणाऱ्या माणसांचे पाय पाहतात. त्या वेळी रोवणीच्या बाया पऱ्ह्यांच्या पेंड्या डोक्यावर घेऊन पलीकडून येत होत्या. पऱ्हे म्हणजे धानाची रोपे. बायांनी लुगडी वर खोचली होती. मला चेहरे दिसत नव्हते, पण पायांचा काळा भाग आणि पाण्याचा तांबडा भाग यांतला फरक कळत होता. पाणी पोटरीच्या वर जात नव्हते.

"पोटरीभर," मी म्हणालो. "चल."

"बाया कडेनं चालून राह्यल्या," ती म्हणाली.

"पाणी सारखंच असते. चल."

तिने पहिला गिअर टाकला. मध्ये न थांबता, एकाच वेगाने नेली. मी सांगितले असते तसेच. रस्त्याच्या मध्याला पोचलो आणि गाडीचे नाक खाली गेले.

कारण नंतर समजले. ज्याने या दिवसांत आमच्या भागात गाडी चालवली आहे त्याने ते आधीच ओळखायला हवे होते. चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी पात्यांची चाके लावतात. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना ती चाके काढण्याचा कंटाळा करतात आणि तसेच डांबरावरून जातात. डांबर सोलले जाते, त्यात पाणी मुरते आणि रस्त्याचा मधला भाग खचतो. पायी चालणाऱ्या बायांना हे ठाऊक असते. म्हणून त्या कडेने चालतात. कडेला पाणी पोटरीभर होते. मध्ये ते गाडीच्या दिव्यांच्या वर होते.

बॉनेटवरून एक लाट आली. इंजिनने एक गचका दिला आणि ते थांबले. तो आवाज घरघर संपल्याचा नव्हता. कोणीतरी आतून हात धरल्यासारखा होता. दाराच्या फटींतून पाणी आत आले आणि आमच्या पायांवर चढले.

"सुरू कर," मी म्हणालो.

तिने हात चावीपर्यंत नेला आणि तिथेच ठेवला. मग हात मांडीवर घेतला.

"नाई," ती म्हणाली. "पाणी पेलं असन तिनं. आता फिरवली तं मोडन."

मी पुन्हा सांगितले. माझा आवाज चढला असावा. तिने गिअर काढून न्यूट्रल केला आणि काच खाली करून बायांना हाक मारली.

बाया आल्या. सांडव्याच्या तोंडाशी जाळे लावून बसलेले दोन मासेमारही आले. चढणीच्या माशांचा दिवस होता, तरी त्यांनी जाळे सोडले. मी चष्मा सांभाळत पाण्यात उतरलो. ती स्टिअरिंगवर राहिली. सगळ्यांनी मिळून गाडी मागे ढकलली आणि उंच भागावर आणली. दारे उघडली तेव्हा आतले पाणी पायऱ्यांवरून उतरावे तसे बाहेर आले.

यानंतर जे झाले ते आमच्याकडे नेहमी होते. बंद पडलेल्या गाडीजवळ चार माणसे जमली की धक्का मारून ती चालू करतात. त्यात मदत असते आणि थोडी हौसही असते. मोठा मासेमार गाडीच्या मागे हात टेकून तयारच होता. तिने दुसऱ्यात टाकावी, क्लच सोडावा, बाकी तो पाहून घेतो, असे तो सांगू लागला. धाकट्याचे मत होते की आधी सेल्फ मारून पाहावे, चालू झाली तर धक्क्याची गरजच नाही. तिसरा एक जण बांधावरून ओरडला की पेट्रोल कोरडे होऊ देऊ नये, लगेच मारा. मी त्यांच्याच बाजूचा होतो. एवढे चार पुरुष एकच गोष्ट सांगत होते.

तिने चावी काढली. पदराच्या टोकाला बांधली, गाठ घट्ट ओढली आणि पदर कमरेला खोचला.

"कोनी धक्का नाई देत," ती म्हणाली. "कोनी सेल्फ नाई मारत. गाडी अशीच राह्यन."

"बाई, आमी रोज ट्रॅक्टर चालू करतो ना धक्क्यानं," मोठा मासेमार म्हणाला.

"तुमचा ट्रॅक्टर तुमी काईबी करा."

बाया हसल्या. मासेमार पण हसला आणि जाळ्याकडे परत गेला. मी तिच्याजवळ उभा राहिलो. पाऊस थोडा थांबला होता. मी विचारले की हे तिला कोणी शिकवले. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने सांगितले असावे, असा माझा अंदाज होता.

तेव्हा तिने एटापल्लीची जीप सांगितली. ती तिथे नवीन होती तेव्हाची गोष्ट. आरोग्य केंद्राच्या जीपमध्ये एक अडलेली बाई घेऊन निघाले होते. नाल्यात जीप बंद पडली. चालक चांगला माणूस होता, मागे बाई कण्हत होती आणि त्याला घाई झाली. त्याने चावी पुन्हा पुन्हा फिरवली. आत लोखंड मोडल्याचा आवाज आला आणि जीप कायमची बसली. मग गावातून खाट आणली, बाईला खाटेवर घातले, चौघांनी खांदे दिले आणि ही बाजूने चालत गेली. वाटेत मोहाच्या झाडाखाली बाळंतपण झाले. मुलगी झाली. दोघी वाचल्या. जीप मात्र केंद्राच्या आवारात तशीच उभी राहिली, इतकी की पुढे तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. चालक रोज तिच्याकडे पाहून म्हणे, सिस्टर, पाणी गेलं होतं, मी थांबाले पाह्यजे होतं, मोडली ती पाण्यानं नाई, मी मोडली.

हे मी प्रथमच ऐकत होतो. तिची नोकरी तिकडे आणि माझी सावलीच्या कालव्यांवर असल्याने संसाराची पहिली बरीच वर्षे आम्ही सुट्टीपुरतीच एकत्र काढली. सुट्टीत जिपांविषयी बोलण्याचे कारण नसे.

मी मुलाला फोन लावला. पाळीवर चढल्यावर रेंज मिळाली. तो गाड्यांतले जाणतो, तो काही उपाय सांगेल, असे वाटले. ती माझ्या मागोमाग पाळीवर आली. नजर कमी असल्यामुळे मी फोन स्पीकरवर ठेवतो. त्याचा आवाज तिलाही ऐकू येणार, हे माझ्या लक्षात आले नाही.

त्याने काय झाले ते विचारले. मी सांगितले. त्याने एक तांत्रिक शब्द वापरला, जो मला आता आठवत नाही. अर्थ असा होता की इंजिनात पाणी गेले असेल तर ते गेल्यातच जमा. एवढ्या जुन्या गाडीला नवे इंजिन बसवण्यात अर्थ नाही, भंगारात द्यावी लागेल. तो रागावला नव्हता. घाबरला होता.

"आणि बाबा," तो म्हणाला, "इंजिन गेलं असेल तर एका परीने बरंच झालं. आईला आता गाडी नको. इंजिन ठीक निघालं तर बघू. नाहीतर इथेच थांबवा. तुम्ही दोघं रिक्षाने फिरत जा."

मी बरे म्हटले आणि फोन ठेवला. ती तलावाकडे पाहत उभी होती.  तिने पदर पिळला, त्यातले पाणी खाली पडले, आणि चावीची गाठ पुन्हा एकदा चाचपून ती पाळीवरून उतरली. खाली जाऊन गाडीच्या बॉनेटवर चिकटलेली पाने एक एक करून काढू लागली.

इंजिन शाबूत निघाले तर गाडी राहणार होती. मोडले असेल तर बाजार, मूल, पौर्णिमेच्या तीन म्हाताऱ्या हे सगळे संपणार होते. आणि पुन्हा कोणाच्या तरी वाहनाची वाट पाहणे सुरू होणार होते. आम्हा दोघांनाही ते कळले होते. मीही पाने काढू लागलो.

जेवणाच्या वेळेला एक ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन आला. इकडच्या बांध्या रोवून झाल्या होत्या आणि बायांना सावलीच्या बाजूच्या शेतावर न्यायचे होते. हा ट्रॅक्टर रबरी चाकांचा होता. बायांनी परस्परच ठरवून टाकले की गाडी मागे बांधायची. चालकाने दोर काढला, गाडीच्या पुढच्या कडीत अडकवला आणि मला म्हणाला, "काका, तुमी बसा स्टिअरिंगवर. बाईले ट्रॉलीत बसू द्या. बंद गाडी जड जाते."

मी माझा डोळा दाखवला.

"तरी पन काका. बाईले जमन का?"

ट्रॉलीतून एक म्हातारी बाई बोलली. डोक्यावर प्लास्टिकचा कागद बांधलेला होता. ती कधीपासून माझ्या पत्नीकडे पाहत होती.

"अरे, नर्सबाई व्हय ते. तुले तिनंच भाईर काढला. तवा जमलं तिले, अन् आता दोरानं बांधलेली गाडी नाई जमन?"

सगळी ट्रॉली हसली. ट्रॅक्टरवाला तिशीतला असेल. तो मान खाली घालून दोराची गाठ पुन्हा तपासू लागला. पत्नीने त्याच्याकडे निरखून पाहिले आणि त्याच्या आईची तब्येत विचारली.

ती स्टिअरिंगवर बसली. चावी लावली आणि एका खटक्यापुरतीच फिरवली, स्टिअरिंगचे कुलूप सुटण्याइतकी. मी तिच्या हाताकडे पाहत होतो. मला धूसर दिसत होते, तरी पाहत होतो.

बंद गाडीचा ब्रेक दगडासारखा होतो. स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावे लागते. त्यातून उतारावर गाडी आपल्या वजनाने पुढे जाते, दोर सैल पडतो आणि चाकाखाली येण्याची भीती असते. ट्रॅक्टरने कडेकडेने पाणी ओलांडले आणि पलीकडच्या पहिल्या उतारावर तसे झाले. तिने सगळा जोर लावून ब्रेक दाबला, तरी गाडी ट्रॉलीच्या जवळ गेली. ट्रॉलीतल्या बायांनी पाय वर घेतले. ती म्हणाली की हँडब्रेक तुमी पाहा. पुढचा सगळा रस्ता आम्ही तसाच काढला. हँडब्रेकची दांडी माझ्या हातात होती. दोर सैल दिसला की ती म्हणे, धरा. दोर ताणला की म्हणे, सोडा. मला दोर दिसत नव्हता. मी तिच्या आवाजावर काम करत होतो.

लग्नाला इतकी वर्षे झाली, पण एकाच यंत्रावर दोघांनी हात ठेवून केलेले हे आमचे पहिलेच काम. ते जमले. हे मी इथे नोंदवून ठेवतो.

ट्रॉलीतल्या बाया आमच्याकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांना दुसरा उद्योग नव्हता. त्या म्हातारीने ओरडून सांगितले, "नर्सबाई, लहानपनी आमच्या पोराइले सुया टोचल्या तुमी. आज आमीच तुमाले ओढून राह्यलो."

"हळू ओढा," पत्नी म्हणाली. "सुई मीबी हळूच टोचत होती."

"खोटं बोलते," दुसरी एक बाई म्हणाली. "माह्या पोराचा हात आठ दिवस सुजला होता."

पत्नीने स्टिअरिंगवरून नजर न काढता सांगितले की तो सुजणारच, मी तेव्हाच सांगितलं होतं, गरम पाण्याने शेका म्हणून. तू शेकला नसशील. यावर त्या बाईने हार मानली. सावली येईपर्यंत कोणत्या पोराला काय झाले आणि कोणाला आता किती पोरे आहेत, हे एकमेकींना ओरडून सांगणे चालू होते. गाडीत पाणी होते, पाय ओले होते, इंजिनाचे काय झाले ते कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही ती हसत होती. मी दांडी धरून होतो.

सावलीत मोठ्या रस्त्यावर एक गॅरेज आहे. ट्रॅक्टरवाल्याने गाडी त्याच्या दारात सोडली आणि दोर गुंडाळला. बाया पुढे गेल्या. मिस्त्री उंच, हाडापेराचा माणूस. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, दाराच्या आत हात घालून गालिचा दाबला, पाणी निघाले ते पाहिले.

"किती डाव सेल्फ मारला?" त्याने विचारले.

"एकदाही नाही," मी म्हणालो.

"खरं सांगा काका. सगळे असंच सांगतेत."

पत्नीने पदराची गाठ सोडून चावी त्याच्या हातात दिली. गॅरेजमध्ये आल्यावर तिने ती पुन्हा बांधली होती. मिस्त्रीने गाठ पाहिली आणि पुढे काही विचारले नाही.

त्याने हवेचा फिल्टर काढला. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता आणि त्यात पऱ्ह्याची एक हिरवी पात अडकली होती. नळीतून पाणी ओघळले. मिस्त्रीने जीभ टाळूला लावून आवाज केला. मला तो आवाज आवडला नाही. पत्नी बाहेर जाऊन एका जुन्या टायरवर बसली आणि रस्त्याकडे पाहू लागली. मी आत उभा राहिलो.

तो प्लग काढत होता तेव्हा तिने मला बाहेर बोलावले. माझ्या डोळ्यात औषध टाकण्याची वेळ झाली होती. बाटली तिने पिशवीत, पिशवी प्लास्टिकमध्ये, आणि गाडीत पाणी शिरताच ते प्लास्टिक काचेखालच्या फळीवर ठेवून कोरडी राखली होती. मला टायरवर बसवले, हनुवटी वर केली, थेंब टाकला आणि डोळा मिटून ठेवायला सांगितले.   मी मिटल्या डोळ्याने तिथे बसून आतले आवाज ऐकत राहिलो. पान्याचा आवाज. लोखंडावर लोखंड. मग बराच वेळ काही नाही.

"फिरते," मिस्त्रीने आतून सांगितले.

मी डोळा उघडला. त्याने पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहिले होते आणि ते कुठे अडकले नव्हते. प्लग काढलेलेच ठेवून त्याने चावी मारली. छिद्रांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या आणि भिंतीवर, त्याच्या शर्टावर, लटकवलेल्या कॅलेंडरवर पडल्या. तो मागे सरला नाही. पाणी संपेपर्यंत फिरवत राहिला. नंतर हवा मारून सगळे सुकवले, तेल बदलले, नवा फिल्टर आणि प्लग बसवले. यात दुपार गेली. पत्नी टायरवरून उठली नाही. चहा आला तो तिने घेतला आणि कप हातातच धरून ठेवला.

मिस्त्री चालकाच्या जागी बसला. पहिल्यांदा इंजिन खोकले आणि थांबले. दुसऱ्यांदा थरथरले, मागून पांढरा धूर निघाला, गॅरेज भरून गेले. धूर विरळ होत गेला. थरथर कमी झाली. मग ते एका लयीत चालू लागले.

ती आत आली. बॉनेट उघडे होते. तिने कान खाली नेला आणि इंजिनाजवळ मान तिरकी करून उभी राहिली. मिस्त्री काही तरी बोलणार होता, पण थांबला. ती बराच वेळ ऐकत होती. पोटातल्या बाळाचे ठोके ती अशीच ऐकत असे, पितळी नळीला कान लावून, खोलीतल्या सगळ्यांना गप्प करून.

"इंजिनातला रॉड सरळ हाय बाई," मिस्त्री म्हणाला. "एक डाव जरी चावी मारली असती तं वाकला असता. मंग माह्या हातात काई नव्हतं."

तिने मान उचलली. "हे तेल पुन्हा कवा बदलाचं?" तिने विचारले.

त्याने सांगितले. गाडी रात्रभर इथेच ठेवा, गालिचे सुकू द्या, उद्या दुपारी न्या, असेही सांगितले. ती पदराने हात पुसत बाहेर पडली. मी भाजी घेऊन येते, तुम्ही पाहा काय ते, असे मला सांगून बाजाराकडे चालू लागली. पायांत ओल्या चपला होत्या आणि त्या प्रत्येक पावलाला वाजत होत्या.

मुलाचा फोन आला. या वेळी मी स्पीकर लावला नाही.

मी सांगितले की इंजिन शाबूत आहे. त्याने विचारले, ते कसे. मी सांगितले की तुझ्या आईने चावी फिरवू दिली नाही, मलाही नाही.  तो म्हणाला की ते ठीक आहे, पण पाण्यात गाडी घालायचीच कशाला, आईला अंदाज येत नाही.

"घालायला मी सांगितलं," मी म्हणालो. "ती थांबली होती."

"बाबा, पण..."

"इंजिन ठीक निघालं तर बघू, असं तू म्हणाला होतास. ठीक निघालं. गाडी तीच चालवेल."

तो हसला. हसल्यावर त्याचा आवाज तिच्यासारखा होतो. जेवण झाले का, असे त्याने विचारले. नाही म्हटले. जेवून घ्या म्हणाला. फोन ठेवला.

संध्याकाळचा उजेड होता आणि डोळ्यांतल्या थेंबांचा परिणाम उतरत आला होता. दिवसभरात पहिल्यांदाच मला कडा दिसू लागल्या. मिस्त्री शटर ओढायच्या तयारीत होता. मी त्याला थांबायला सांगितले आणि गाडीचे चालकाच्या बाजूचे दार उघडले. त्याचे पाय लांब असल्यामुळे त्याने आसन अगदी शेवटपर्यंत मागे सरकवले होते. तिची उंची कमी आहे. तिथे बसून तिचे पाय क्लचपर्यंत पोचले नसते.

मी खाली वाकून आसनाखालची दांडी उचलली. आसनाच्या पट्टीत गाळ गेला होता, ते अडकत होते. फडके मागून पट्टी पुसली. मग आसन पुढे घेतले, ती बसते तिथवर.

"काका, उद्या गाडी भाईर काढाले मले परत मागं करावं लागन," मिस्त्री म्हणाला.

"करा," मी म्हणालो.

मग मधला आरसा तिच्या नजरेच्या उंचीला खाली वळवला, त्याची काच फडक्याने पुसली आणि दार लावले.